होस्टिंग अकाउंटमध्ये अनोळखी फोल्डर दिसतंय? डिलीट करण्याआधी हे समजून घ्या

राज्य सरकारने 2018 मध्ये जुन्नरला पर्यटन तालुका म्हणून जाहीर केलं. तालुक्यात कृषी पर्यटन केंद्रं, होमस्टे वाढले आणि बुकिंगसाठी वेबसाईटही आल्या. समजा, डिंगोरे गावातल्या अशाच एका केंद्राची वेबसाईट ओळखीतल्या मुलाने करून दिली, मग तो नोकरीसाठी बाहेरगावी गेला. आता होस्टिंगचा पासवर्ड मालकाकडे आहे. फाईल मॅनेजर उघडला, तर आत 'सीजीआय-बिन', 'डॉट वेल-नोन' अशी फोल्डरं दिसतात.

ही हॅकरने ठेवली आहेत का? की काढून टाकली तर वेबसाईटच बंद पडेल?

ही फोल्डरं कुठून येतात?

बहुतेक फोल्डरं होस्टिंग कंपनी किंवा वेबसाईटचं सॉफ्टवेअर स्वतःच तयार करतं.

'पब्लिक एचटीएमएल' म्हणजे वेबसाईटचं अंगण. यात ठेवलेली फाईल इंटरनेटवरून कुणालाही उघडता येऊ शकते.

'सीजीआय-बिन' हा जुन्या काळाचा वारसा. 1993 मध्ये आलेल्या सीजीआय या पद्धतीमुळे सर्व्हरवरचा प्रोग्रॅम चालवून वेबपेज तयार करता येऊ लागलं. असे प्रोग्रॅम, म्हणजेच स्क्रिप्ट, या फोल्डरमध्ये ठेवल्या जात. आज ते बहुतेकदा रिकामंच असतं.

'डॉट वेल-नोन' मुख्यतः वेबसाईटच्या सुरक्षा प्रमाणपत्रासाठी लागतं. ही वेबसाईट खरंच तुमची आहे का, हे तपासण्यासाठी त्यात तात्पुरती फाईल ठेवली जाते.

'डब्ल्यूपी'ने सुरू होणारी ॲडमिन, इन्क्लूड्स आणि कंटेंट ही तीन फोल्डरं वर्डप्रेसची. ती काढली तर वेबसाईट बंद पडेल.

मग धोका कुठे असतो?

अनेकदा धोका ओळखीच्या फोल्डरच्या आत लपलेला असतो. सप्टेंबर 2020 मध्ये वर्डप्रेसच्या 'फाईल मॅनेजर' या प्लगइनमध्ये गंभीर त्रुटी सापडली. हे प्लगइन 7 लाखांहून अधिक वेबसाईटवर होतं. त्यातली एक स्क्रिप्ट पासवर्डशिवाय कुणालाही वापरता येत होती. हल्लेखोरांनी तिच्या मदतीने प्लगइनच्याच फोल्डरमध्ये आपल्या फाईल टाकल्या. बाहेरून वेबसाईट नेहमीसारखीच दिसू शकते, पण आतून बुकिंगचे पैसे भरणारा ग्राहक बनावट पानावर वळवला जाऊ शकतो.

संशय कधी घ्यावा?

- फोटो साठवणाऱ्या 'अपलोड्स' फोल्डरमध्ये पीएचपी फाईल दिसली तर. काही प्लगइन तिथे रिकामी 'इंडेक्स' फाईल ठेवतात, ती चालते.
- फोल्डरचं नाव वर्डप्रेसच्या नावासारखंच, पण एखाद्या अक्षराचा फरक असेल तर.
- कुणी काम केलेलं नसताना फाईलची तारीख ताजी असेल तर. मात्र तारीख बदलता येते, त्यामुळे जुनी तारीख म्हणजे फाईल सुरक्षित असं नाही.
- फाईलमध्ये अर्थ न लागणाऱ्या अक्षरांची लांबलचक ओळ असेल तर.

काय करायचं?

आधी फाईल आणि डेटाबेस दोन्हींचा बॅकअप कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. मग वर्डप्रेसच्या अधिकृत वेबसाईटवरून तीच आवृत्ती डाऊनलोड करून फोल्डरं ताडून पाहा. शंका असेल तर होस्टिंग कंपनीला फोल्डरचं नाव कळवून लेखी विचारा.

संशयास्पद फोल्डरचं नुसतं नाव बदलून उपयोग नाही, कारण आतली स्क्रिप्ट नव्या पत्त्यावरही चालू शकते. ते 'पब्लिक एचटीएमएल'च्या बाहेर हलवा. वेबसाईट नीट चालते का पाहा, मगच डिलीट करा. त्यानंतर सगळे पासवर्ड बदला, प्लगइन अपडेट करा आणि वापरात नसलेली काढून टाका.

ग्राहकाचे पैसे गेले असतील, तर त्याला लगेच 1930 या हेल्पलाईनवर तक्रार करायला सांगा. अशा प्रकरणात जितका उशीर, तितकी पैसे परत मिळण्याची शक्यता कमी.