खुर्चीला माहेर असतं

दिवाळीची साफसफाई निघाली की माळ्यावरून नाहीतर गोठ्यातून एखादी जुनी लाकडी खुर्ची बाहेर येते. वेत फाटलेला, एक हात निखळलेला. घरातलं कुणीतरी लगेच म्हणतं, "देऊन टाका भंगारवाल्याला!" आणि तिच्या जागी प्लॅस्टिकच्या चकचकीत खुर्च्या येतात. मैत्रिणींनो, तुमच्या घरी असं काही ठरत असेल, तर एक दिवस थांबा. आधी ती खुर्ची उलटी करून बघा.

बचत गटांच्या कामानं कारंजा तालुक्यातल्या खेड्यांतून फिरताना मला हा नाद लागला. आज माझ्याकडे अशा अकरा खुर्च्या आहेत. "घराचं गोदाम केलंस," असं आमच्याकडे रोज ऐकावं लागतं, तो भाग वेगळा! पण खुर्चीबरोबर मी एक वहीही ठेवते. दर खुर्चीला एक पान. कुणाच्या घरची, कुणी आणली, कोण बसत होतं आणि कोण बसत नव्हतं.

काही गोष्टी लाकूडच सांगतं. आपल्याकडची जड खुर्ची बहुधा सागाची. चांगल्या सागासाठी अलापल्ली-बल्लारशाचं नाव आजही घेतात. २०२३ साली अयोध्येच्या राममंदिरासाठी लाकूड गेलं ते बल्लारपूरहूनच. जुन्या सुताराचे सांधे खिळ्यांचे नसत. एका लाकडात खाच, दुसऱ्याला कुसू आणि वरून लाकडाचीच खुंटी. बैठकीत भोकं पाडून वेत विणलेला.

एखादी खुर्ची मात्र उचलायला हलकी निघते, पाठ गोल वाकवलेली. इराणी हॉटेलात असते तशी. तिचं माहेर थेट युरोपात! ऑस्ट्रियात मायकेल थोनेट नावाच्या कारागिरानं बीच नावाचं लाकूड वाफेवर वाकवून १८५९ साली अशी खुर्ची बाजारात आणली. सहा तुकडे, दहा स्क्रू, दोन नट. सुटे भाग करून एक घनमीटरच्या पेटीत छत्तीस खुर्च्या मावत, म्हणून ती बोटीनं जगभर गेली. पुढे इतरांनीही तशा खुर्च्या काढल्या. बैठकीच्या खालच्या बाजूला कधीकधी कारखान्याचा छाप किंवा कागदाची चिठ्ठी सापडते. म्हणून म्हटलं, खुर्ची उलटी करा.

उरलेलं माणसांना विचारावं लागतं. आपल्या भागात मालगुजारी होती. १९५१ साली ती गेली. पुढे वाडे रिकामे होत गेले, भावाभावांत वाटण्या झाल्या. झोपाळा एकाकडे, कपाट दुसऱ्याकडे, खुर्च्या तिसऱ्याकडे. त्यामुळे एका घरातली खुर्ची शोधताना तिची जोडीदारीण तीन गावं पलीकडे सापडते. घरातले जुने फोटोही बघा. स्टुडिओतल्या फोटोत खुर्ची बहुधा स्टुडिओचीच असायची, पण अंगणात काढलेल्या लग्नाच्या फोटोत घरचीच खुर्ची दिसते. फोटोमागे साल असेल तर अर्धं काम झालं.

माझ्या वहीतलं सगळ्यात मोलाचं पान एका आजींचं आहे. लांब हातांची सागाची आरामखुर्ची त्यांच्या आंदणात आली होती, बंडीवर बांधून. मी विचारलं, "आजी, तुम्ही बसत होता का हिच्यावर?" त्या हसल्या. "माह्या बापानं देल्ली, पन बसले सासरे. मंग आमचे हे बसले. मी पुसत होती रोज." पन्नासेक वर्षं पुसली! त्या पहिल्यांदा तिच्यावर बसल्या, त्या नातीच्या सांगण्यावरून, गुडघे दुखायला लागल्यावर. त्यांच्या घरी सगळे तिला 'आजोबांची खुर्ची' म्हणत. मी वहीत 'आजींच्या माहेरची' असं लिहिलं आणि त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी दोनदा वाचायला लावलं.

घरातल्या वापराच्या वस्तूंनाही इतिहास असतो, हे पुण्याच्या दिनकर केळकरांनी आपल्याला दाखवलं. चष्म्याचा व्यवसाय असलेला हा माणूस अडकित्ते, दिवे, फण्या, दरवाजे गोळा करत गावोगाव हिंडला. पत्नी कमलाबाईंची साथ होती. लहानपणीच गेलेल्या मुलाच्या नावानं त्यांनी संग्रहालय उभारलं. पुढे त्यांनी ते राज्य सरकारच्या हवाली केलं. आपल्याला एवढं मोठं काम करायचं नाही. एक वही पुरे.

खुर्ची ठेवायची तर थोडी काळजी घ्या. ऑइलपेंट फासू नका, त्यानं लाकडाच्या रेषा झाकल्या जातात. जुना थर हलक्या हातानं पॉलिश पेपरनं काढून चपड्याचं स्पिरिट पॉलिश करून घ्या. पाय ओलीत ठेवू नका, उधई तिथूनच चढते. वेत विणणारा जवळपास नसेल तर अंधांच्या संस्थेत चौकशी करा. अशा संस्थांतून खुर्ची विणायचं काम पूर्वीपासून शिकवलं जातं.

आपल्या राज्यात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा बायकांना आहेत. सरपंचाच्या खुर्चीवर आज आपली मैत्रीण बसते. तरी कितीतरी गावांत तिच्या शेजारच्या खुर्चीत पतिराजच बोलत असतात! खुर्ची आपल्या नावावर असणं आणि तिच्यावर आपण बसणं, यात अजूनही अंतर आहे. ते किती जुनं आहे, हे घरातल्या खुर्च्या सांगतात.

मात्र खुर्ची शंभर वर्षं टिकते, ते सांगणारं माणूस टिकत नाही. या महिन्यात घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईजवळ बसा आणि विचारा, "ही कुणाच्या माहेरची?" उत्तर तारखेसकट लिहून ठेवा. भंगारवाला काय, पुढच्या आठवड्यातही येईल.