गॅरेजमधून आलेली गाडी थरथरते तेव्हा

पेट्रोल गाडी काल दुरुस्त होऊन आली आणि आज जालना रोडच्या सिग्नलला थरथरते, ॲक्सिलरेटर दाबला की अडखळते? नवे पार्ट घेण्याआधी कालचेच काम तपासा; जिथे हात लागला, तिथेच बहुधा खोट सापडते. इंजिन बंद करून एअर फिल्टरपासूनचा रबरी पाइप चाचपा. क्लिप सैल असेल, तर सेन्सरने न मोजलेली हवा आत शिरते आणि पेट्रोल कमी पडते. कॉइलचे कनेक्टर ‘टक’ आवाज येईपर्यंत दाबा. थ्रॉटल बॉडी साफ केली असेल, तर मेकॅनिककडून स्कॅनर लावून तिचे सेटिंग करून घ्या. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर मात्र गाडी चालवूच नका. न जळलेल्या पेट्रोलने महागडा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी होतो.