थंडी नुसती निमित्ताला

छत्तीसगडमधल्या चरोद्यात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा १० अंशांच्या आसपास उतरतो. डिझेल गोठावं इतकी ही थंडी नाही. नवा ट्रॅक्टर या हवेत पहिल्या सेल्फला सुरू होतो. पण मळणी आटोपून धान सोसायटीत पोचवायची घाई असते, नेमके तेव्हाच जुने मॅसी ट्रॅक्टर हटून बसतात.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवा दाबतो, ती ५०० अंशांच्या वर तापते आणि त्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. ही उष्णता टिकली तर इंजिन चालतं. पिस्टनच्या रिंगा झिजल्या की दाबलेली हवा बाजूने निसटते. बॅटरी कमजोर असेल तर पिस्टन सावकाश फिरतो आणि तेवढ्या वेळात थंडगार सिलिंडर ती उष्णता पिऊन टाकतो. घट्ट झालेलं ऑइल फिरणं आणखी जड करतं.

देवबलोद्याच्या बाजूला एका खळ्यावर मॅसी फर्ग्युसन १०३५ सुरू करताना मी जवळून पाहिला. सिम्पसनचं तीन सिलिंडरचं इंजिन, बॉनेटचा लाल रंग उडालेला. ड्रायव्हरने गिअर न्यूट्रल केला आणि क्लच तळापर्यंत दाबला. त्याने गिअरबॉक्समधल्या थंड तेलाचा भार सेल्फवरून उतरतो. मग चावी हीटरवर धरून तो वीसेक सेकंद गप्प बसला. तेवढ्यात थर्मोस्टार्टची, म्हणजे या हीटरची, कॉइल लाल होते, तिच्यावर डिझेल ठिबकून पेटतं आणि सेल्फ मारताच ती गरम हवा इंजिनात ओढली जाते. घाईत हीच वीस सेकंदं वाचवली जातात आणि बॅटरी उतरते.

इंजिन नुसतंच फिरलं. शेजारी उभ्या मिस्त्रीचं लक्ष सायलेन्सरकडे होतं. पांढरा धूर आला, म्हणजे डिझेल पोचतंय पण पेटत नाही. धूरच आला नसता तर डिझेल लाइनने हवा घेतली असं समजून त्याने पंपाचे स्क्रू ढिले करून हवा काढली असती. त्याने बॅटरीला दम खाऊ दिला, मग पुन्हा हीटर, पुन्हा सेल्फ. एक सिलिंडर बोलला, मागून दुसरा, तिसरा, आणि धूर विरळ होत गेला.

काहीजण एअर क्लीनरशी पेटता बोळा धरतात, कुणी ईथरचा फवारा मारतो. हीटर तापलेला असताना ईथर मारलं तर भडका मॅनिफोल्डमध्येच उडतो.

एवढ्या सौम्य थंडीत रोज दोन-तीनदा हीटर लागत असेल, तर कॉम्प्रेशन तपासायला हवं. नवी बॅटरी घेतली की महिनाभर भागतं, फेब्रुवारीत ऊन चढतं आणि रिंगांचं काम विसरलं जातं. खरं तर ते काम काढायचा काळ तोच. जूनच्या नांगरणीआधी ट्रॅक्टर रिकामा असतो आणि मिस्त्रीही.