बेडकाची कातडी

मृगाचा पाऊस पडला, की आपल्या वऱ्हाडात डबक्यांतून डरांव डरांव सुरू होते. ओरडतो तो नर. तो मादीला बोलावतो. मादी पाण्यात अंडी घालते. अंड्यांतून शेपटीवाली पिले निघतात. ती माशासारखी कल्ल्यांनी श्वास घेतात. पुढे पाय फुटतात, शेपूट जिरते.

बेडूक तोंडाने पाणी पीत नाही. त्याची कातडीच पाणी शोषते. श्वासही तो नाकाने घेतो, तसाच कातडीने घेतो. म्हणून पऱ्हाटीवरचे विषारी औषध पाण्यात गेले, की त्याच्या अंगात भिनते.

बेडूक पिकावरचे किडे खातो. पूर्वी बेडकांचे पाय परदेशी विकले जात. सरकारने ते १९८७ साली बंद केले. आता आपले काम आपण करू. फवारणीचा पंप नाल्यात धुवायचा नाही. पाऊस लांबला, की धोंडी काढून आपण बेडकाला गावभर फिरवतो. मग त्याचेच पाणी नासवायचे काय?