विकीवर गावाचा लेख लिहायचाय? आधी प्रताधिकाराचा हिशोब समजून घेऊ

पेटची तयारी करणारे, नुकतीच नोंदणी झालेले बरेच जण एक प्रश्न विचारतात : "विकिपीडियावरचं कोणीही वापरू शकतं, मग आपल्याकडचं साहित्य तिथे टाकायला काय हरकत आहे?" यात दोन वेगळे प्रश्न मिसळले आहेत. तिथलं घेता येतं का? हो, अटी पाळून. तिथे काहीही टाकता येतं का? नाही. कारण जे तुमचं नाही, ते मोकळं करण्याचा अधिकारही तुमचा नाही.

संशोधन करणाऱ्यांनी हे आधीच समजून घेतलेलं बरं. आपण गावोगाव फिरून जे गोळा करतो (जुनी पुस्तकं, फोटो, ओव्या, पत्रं) ते बऱ्याचदा दुसरीकडे कुठेच नसतं. ते विकीवर चुकीच्या पद्धतीने गेलं की 'प्रताधिकार भंग' म्हणून काढलं जातं, आणि त्यासोबत आपण घेतलेली मेहनतही जाते.

उदाहरण म्हणून आपण वर्धा जिल्ह्यातलं आंजी (मोठी) हे गाव घेऊ. मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला सुरू झाला, पण गावांवरचे कितीतरी लेख आजही दोन-चार ओळींवर थांबलेले दिसतात. समजा, तुम्हाला आंजीवर चांगला, मोठा लेख लिहायचा आहे. मग कुठून काय घेता येईल?

'प्रकाशित करा' दाबल्यावर नेमकं काय होतं?

बऱ्याच जणांना वाटतं की विकीवर लिहिलं की आपला हक्क संपला. तसं नाही. तुम्ही लिहिलेल्या मजकुराचे प्रताधिकारधारक तुम्हीच राहता. तुम्ही फक्त जगाला एक परवाना देता. विकिपीडियाच्या मजकुरासाठी तो सध्या 'क्रिएटिव्ह कॉमन्स बाय-एसए ४.०' आहे (जून २०२३ पर्यंत ३.० होता), आणि सोबत जीएफडीएल हा जुना परवानाही लागू असतो.

यातल्या 'बाय'चा अर्थ : श्रेय द्या. 'एसए'चा अर्थ : बदल करून पुढे देणार असाल तर त्याच परवान्याखाली द्या. व्यापारी वापराला बंदी नाही. म्हणजे उद्या एखाद्या प्रकाशकाने तुमचा आंजीवरचा लेख पुस्तकात छापून विकला आणि श्रेय व परवाना नीट दिला, तर तुम्हाला तक्रार करता येणार नाही. आणि हा परवाना मागे घेता येत नाही. लेख विकीवरून काढला तरी ज्यांनी आधी घेतला त्यांचा हक्क राहतो. बटण दाबण्याआधी हे मनाशी पक्कं करायचं.

भारतीय कायद्यात असा क्लिकवरचा परवाना बसतो का? प्रताधिकार अधिनियम १९५७ च्या कलम ३० मध्ये पूर्वी परवाना लेखी आणि सही केलेला हवा असं होतं. २०१२ च्या दुरुस्तीने सहीची अट गेली, 'लेखी' राहिलं. त्यामुळे ऑनलाइन परवान्याची वाट बरीच सोपी झाली.

माहिती मोकळी, मांडणी नाही

आंजीची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत किती होती, गाव कोणत्या नदीकाठी आहे, बाजार कोणत्या वारी भरतो, ही सगळी तथ्यं आहेत. तथ्यांवर कोणाचाही प्रताधिकार नसतो. सर्वोच्च न्यायालयाने आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स (१९७८) या निकालात सांगितलं की कल्पना, विषय, ऐतिहासिक तथ्यं यांना प्रताधिकार लागत नाही. तो लागतो मांडणीला, शब्दांना.

म्हणून आकडा घ्या, संदर्भ द्या आणि वाक्य स्वतःचं लिहा. पण एखाद्या स्मरणिकेतला परिच्छेद उचलून 'होता'चं 'होते' आणि 'गाव'चं 'ग्राम' केलं, तर ती मांडणी अजूनही त्यांचीच. संदर्भ दिला म्हणून नक्कल चालते, हा मोठा गैरसमज आहे. संदर्भ दिल्याने वाङ्मयचौर्याचा आरोप टळेल, प्रताधिकाराचा प्रश्न तसाच राहतो. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत.

गॅझेट वेगळं, गॅझेटियर वेगळं

इथे नावामुळे घोळ होतो. कलम ५२(१)(क्यू) नुसार शासकीय राजपत्रात, म्हणजे गॅझेटमध्ये प्रसिद्ध झालेला मजकूर पुन्हा छापता येतो. न्यायालयाचे निकालही, न्यायालयाने मनाई केली नसेल तर, छापता येतात. हे वाचून कोणी जिल्हा गॅझेटियरही मोकळं समजतं. पण गॅझेटियर हे राजपत्र नव्हे. ते शासनाने प्रसिद्ध केलेलं पुस्तक आहे, आणि शासकीय ग्रंथांना प्रकाशनानंतर ६० वर्षं संरक्षण असतं.

आता हिशोब करा. आर. व्ही. रसेल यांनी संपादित केलेलं वर्धा जिल्ह्याचं इंग्रजी गॅझेटियर १९०६ चं. ते केव्हाच मोकळं झालंय, त्यातला मजकूर भाषांतर करून वापरता येईल. राज्य शासनाने १९७० च्या दशकात काढलेल्या जिल्हा गॅझेटियरची ६० वर्षं मात्र २०३० च्या आत संपत नाहीत. त्यातून माहिती घ्यायची, परिच्छेद नाही.

साठ वर्षं मोजायची कोणाच्या मृत्यूपासून?

लेखकाच्या हयातीत छापलेल्या साहित्यकृतीला लेखकाची हयात अधिक ६० वर्षं संरक्षण मिळतं. मोजणी मृत्यूनंतरच्या १ जानेवारीपासून सुरू होते. पूर्वी ही मुदत ५० वर्षं होती. रवींद्रनाथ टागोरांचे (मृत्यू १९४१) हक्क १९९१ अखेर संपत होते, त्या सुमारास कायदा बदलून ती ६० केली गेली.

वर्धा जिल्ह्यात काम करताना हा हिशोब पावलोपावली लागतो, कारण सेवाग्राम आणि पवनार दोन्ही इथेच. तीन उदाहरणं बघा.

गांधीजी : मृत्यू १९४८. हयातीत प्रसिद्ध झालेलं लेखन १ जानेवारी २००९ पासून भारतात सार्वजनिक झालं. तोवर हक्क नवजीवन ट्रस्टकडे होते. पण 'सत्याचे प्रयोग'चा मराठी अनुवाद सीताराम पुरुषोत्तम पटवर्धन, म्हणजे अप्पासाहेब पटवर्धन यांचा. अनुवाद ही स्वतंत्र कृती मानली जाते. अप्पासाहेब १९७१ मध्ये गेले, म्हणून हा अनुवाद १ जानेवारी २०३२ ला मोकळा होईल. मूळ गुजराती पुस्तकावरून स्वतः अनुवाद केलात तर आजही चालेल.

विनोबा : मृत्यू १५ नोव्हेंबर १९८२. 'गीताई' १९३२ ची असली तरी प्रकाशनाचं साल इथे कामाचं नाही. २०४२ संपेपर्यंत थांबावं लागेल.

'गीता प्रवचने' : ही प्रवचनं विनोबांनी १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात दिली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांचं स्वतःचं लेखन १ जानेवारी २०११ पासून भारतात मोकळं आहे. म्हणून 'गीता प्रवचने'ही मोकळं म्हणायचं का? नाही. शब्द विनोबांचे आहेत, मोजणीही विनोबांपासूनच धरावी.

अजून एक गुंता आहे. विकिमीडियाचे सर्व्हर अमेरिकेत आहेत, आणि विकिमीडिया कॉमन्सवर फाइल चढवायची तर ती मूळ देशात आणि अमेरिकेत, दोन्हीकडे मोकळी हवी. १ जानेवारी १९९६ ला भारतात ज्या कृतींवर हक्क शिल्लक होते, त्यांना अमेरिकेत सर्वसाधारणपणे प्रकाशनापासून ९५ वर्षं संरक्षण मिळालं. म्हणून १९३५ साली आलेलं 'श्यामची आई' भारतात मोकळं असलं, तरी अमेरिकेच्या हिशोबाने २०३० संपेपर्यंत थांबावं लागतं.

फोटो : कॅमेरा कोणाचा, क्लिक कोणाचं?

फोटोचा कर्ता तो काढणारा. व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेला आंजीचा सुंदर फोटो तुमच्या मोबाइलमध्ये आहे म्हणून तो तुमचा होत नाही. स्वतः काढलेला सर्वात उत्तम.

स्वतः काढलेल्या फोटोत काय दिसतंय, हेही बघावं लागतं. कलम ५२ नुसार इमारतीचा आणि सार्वजनिक जागी कायमस्वरूपी असलेल्या शिल्पाचा फोटो काढून प्रसिद्ध करता येतो. त्यामुळे गावातलं देऊळ, चौकातला पुतळा, सेवाग्रामची बापू कुटी यात अडचण नाही. पण भिंतीवरचं नवं चित्र, फ्लेक्सवरचं डिझाइन, पुस्तकाचं मुखपृष्ठ यांना ही सवलत स्पष्टपणे लागू होत नाही. ती टाळा.

ओव्या, आठवणी, जुनी पत्रं

जात्यावरच्या पारंपरिक ओवीचा ठरावीक कवी नसतो, त्यामुळे ओवीचे शब्द बहुतेक वेळा कोणाच्या मालकीचे नसतात. पण एखाद्या आजीने ती गायली आणि तुम्ही रेकॉर्ड केली, तर दोन नवे हक्क तयार होतात : ध्वनिमुद्रणाचा आणि सादरकर्ती म्हणून त्या आजींचा. "पीएचडीसाठी हवंय" म्हणून घेतलेली संमती विकीसाठी पुरत नाही, कारण विकीचा परवाना व्यापारी वापरालाही मोकळीक देतो. आजींना समजेल अशा भाषेत सांगा : "हे जगात कोणालाही ऐकता येईल, वापरता येईल, विकताही येईल, आणि नंतर परत घेता येणार नाही." त्यावर त्या हो म्हणाल्या तरच पुढे जायचं. नाही म्हणाल्या तर विषय संपला. त्यांनी स्वतः रचलेली ओवी असेल तर शब्दही त्यांचेच.

जुन्या पत्रांचंही तसंच. एखाद्या घरात ट्रंकेत पत्र सापडलं, घरच्यांनी तुम्हाला दिलं, तरी कागद त्यांचा आणि शब्दांचा हक्क पत्र लिहिणाऱ्याचा किंवा त्याच्या वारसांचा. लेखकाच्या मृत्यूनंतर प्रथमच प्रसिद्ध होणाऱ्या लेखनाची ६० वर्षं प्रकाशनापासून मोजतात. म्हणजे माणूस जाऊन ७० वर्षं झाली तरी अप्रकाशित पत्र आपोआप मोकळं होत नाही.

प्रबंध आणि विकी : दोन्ही दिशांनी सांभाळा

कलम ५२(१)(ए) मध्ये खासगी वापर, संशोधन, समीक्षा यांसाठी न्याय्य वापराची सवलत आहे. ती तुमच्या अभ्यासाला आहे. तिच्या आधारे अख्खं प्रकरण स्कॅन करून विकीवर चढवता येत नाही.

शोधगंगेवरचे प्रबंध सीसी बाय-एनसी-एसए ४.० परवान्याखाली असतात. यातलं 'एनसी' म्हणजे व्यापारी वापर नको. विकीला ही अट चालत नाही, त्यामुळे शोधगंगेतला उतारा विकीवर टाकता येत नाही. तुमचा स्वतःचा प्रबंध असेल तर तुम्ही वेगळा परवाना देऊ शकता, पण त्यातलं प्रकरण आधी जर्नलला दिलं असेल आणि हक्क हस्तांतरणाचा फॉर्म भरला असेल, तर ती मुभाही गेली. सही करण्याआधी फॉर्म वाचा, हे मी सगळ्यांना सांगते.

उलट दिशेनेही धोका आहे. आज विकीवर लिहिलेले परिच्छेद उद्या तसेच प्रबंधात घेतले, तर साम्य तपासणारं सॉफ्टवेअर ते पकडेल. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, त्यापुढे पायऱ्या सुरू होतात. मजकूर तुमचाच आहे हे विकीच्या 'इतिहास' पानावरून दाखवता येतं, म्हणून सदस्य खात्यातूनच लिहा. आणि गाईडना आधी सांगून ठेवा.

परवानगी मागायची तर अशी

"विकिपीडियावर वापरायला आमची हरकत नाही" असं पत्र पुरत नाही. हक्कधारकाने कोणती कृती, कोणत्या परवान्याखाली, कोणालाही आणि व्यापारी वापरासाठीही मोकळी करत आहोत, हे स्पष्ट लिहून विकिमीडियाच्या परवानगी तपासणाऱ्या स्वयंसेवकांना ईमेल करायचा असतो. ग्रामपंचायतीने किंवा शाळेने काढलेली स्मरणिका असेल तर पुढचा प्रश्न : त्यातले लेख कोणी लिहिले? संस्थेने छापलं म्हणून हक्क संस्थेकडेच गेला असं धरू नका. लेखी करार नसेल तर तो लेखकाकडे असण्याची शक्यता जास्त.

आंजीवरच्या लेखासाठी सोबत एक साधा तक्ता ठेवा. प्रत्येक स्रोतासमोर चार रकाने : कर्ता कोण, मृत्यूचं किंवा प्रकाशनाचं साल, हक्क आज कोणाकडे, आणि मी यातून काय घेणार (तथ्य, उतारा की पूर्ण कृती). ज्या ओळीत चारपैकी एक रकाना रिकामा राहील, तिथून फक्त तथ्य घ्यायचं. हाच तक्ता पुढे प्रबंधाच्या साधनांच्या यादीलाही कामी येतो.