एका पायाची दुगुण

गणपतीच्या आधीचे दोन महिने संध्याकाळी मुठेच्या नदीपात्रात उभं राहिलं, की ढोलाचा ठोका कानाआधी छातीत जाणवतो. एका हातात टिपरू, दुसऱ्या हाताची थाप आणि वर ताशाची तर्री. हाताने ताल वाजवू शकणारी माणसं पुण्यात जितकी आहेत, तितकी क्वचितच दुसऱ्या कुठल्या शहरात असतील. यातलाच एखादा मुलगा उठून ड्रमसेटवर बसतो, तेव्हा त्याचे हात अर्ध्या तासात रुळतात. स्नेअर, हायहॅट, टॉम सगळं ओळखीचं वाटतं. अडतो तो उजवा पाय.

यात त्या मुलाचा काही दोष नाही. आपल्या तालवाद्यांनी पायाला कधी काम दिलंच नाही. तबला, पखवाज, ढोलकी वाजवायला मांडी घालून बसलो, की पाय मिटले. गळ्यात मृदंग अडकवून वारीत चालणाऱ्याचे पाय ठेका धरतात, पण ते जमिनीवर पडतात, वाद्यावर नाही. संगीत नाटकात ऑर्गन आला, पायपेटी आली, तिथे वाजवणाऱ्याचे पाय अंकभर चालू असायचे. पण ते भात्याला हवा देत होते. म्हणजे पायांकडे वाद्याचा श्वास होता, बोल नव्हते.

पायाकडे बोल दिले ते बास ड्रमच्या पेडलने. आपल्याकडे सगळे त्याला ‘किक’ म्हणतात. यंत्र म्हणून ते इतकं साधं आहे, की पहिल्यांदा पाहणाऱ्याला त्यात शिकण्यासारखं काय असेल असं वाटतं. खाली पाऊल ठेवायची धातूची पट्टी, म्हणजे फूटबोर्ड. तिच्या टाचेकडच्या टोकाला बिजागरी. पुढचं टोक चेनने किंवा पट्ट्याने वरच्या आडव्या दांड्याला जोडलेलं. त्या दांड्यात बसवलेला बीटर, म्हणजे लोखंडी काडीला फेल्टचा, लाकडाचा नाहीतर प्लॅस्टिकचा गोळा. बाजूला ताणलेली एक स्प्रिंग. पाय दाबला की बीटर ड्रमवर आदळतो, पाय सोडला की स्प्रिंग त्याला मागे ओढते. एवढंच.

या एवढ्याशा यंत्राने वादकाचं बसणंच बदललं. त्याआधी बास ड्रमला वेगळा माणूस लागायचा, किंवा एकच वादक स्नेअर आणि बास ड्रम शेजारी मांडून एकाच जोडीच्या काड्यांनी दोन्हीकडे मारायचा. पायाने चालवायच्या काही युक्त्या तेव्हाही होत्या, पण त्या संथ होत्या. शिकागोचा विल्यम लुडविग हा वादक अशाच एका पेडलवर वाजवत असताना रॅगटाइम संगीताची लय वाढत गेली आणि त्याचा पाय मागे पडू लागला. त्याने आधी लाकडाचं एक पेडल स्वतः करून पाहिलं. १९०९ साली भाऊ थिओबाल्ड याच्याबरोबर त्याने ‘लुडविग अँड लुडविग’ ही कंपनी सुरू केली, आणि धातूचं ते जलद पेडल बाजारात आलं. मला या गोष्टीत सगळ्यात महत्त्वाचं हे वाटतं, की पेडलचा जन्मच ‘पाय पुरत नाही’ या तक्रारीतून झाला. ती तक्रार आजही प्रत्येक शिकणाऱ्याची असते.

त्याच घराण्याचं १९३७ चं ‘स्पीड किंग’ हे पेडल तर दंतकथाच झालं. त्यात चेन नव्हती, पट्टा नव्हता. फूटबोर्ड आणि दांडा धातूच्या सरळ दुव्याने जोडलेले, आणि स्प्रिंगा दोन्ही बाजूंच्या खांबांच्या पोटात लपवलेल्या. लेड झेपेलिनचा जॉन बोनम हेच वापरायचा. १९६९ च्या पहिल्या अल्बममधल्या ‘गुड टाइम्स बॅड टाइम्स’ या गाण्यात त्याने एका पायाने जे तिस्राचे झुपके वाजवलेत, ते ऐकून जगभरच्या वादकांना वाटलं की दोन बास ड्रम असणार. एकच होता, पेडलही एकच होतं. वंगण कमी पडलं की हे पेडल किरकिरायचं. १९७० च्या ‘सिन्स आय हॅव बीन लव्हिंग यू’ या संथ गाण्यात ती किरकिर ध्वनिमुद्रणातही स्पष्ट ऐकू येते. मला ती किरकिर प्रिय आहे. तिथे माणसाचं पाऊल ऐकू येतं.

आपल्याकडे ड्रमसेट रुजला तो हॉटेलांतल्या आणि क्लबांतल्या जॅझ बँडमधून आणि मुंबईच्या हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणांतून. कावस लॉर्ड आणि त्यांचे मुलगे केर्सी व बुर्जोर, गोव्याचे लेस्ली गोदिन्हो, पुढे राहुलदेव बर्मन यांच्याकडचे फ्रँको वाझ, ही नावं त्या ध्वनिमुद्रणांतली. पुण्यात माझ्या पिढीतल्या पुष्कळांना ड्रमसेटची पहिली ओळख झाली ती १९७४ पासून चालत आलेल्या फिरोदिया करंडक या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेमुळे. नाटक, नाच, चित्रकला, वाद्यं असं सगळं एकाच प्रयोगात बसवायचं, म्हणून प्रत्येक कॉलेजला एक ड्रमर हवाच असतो. आमच्या संघात ड्रमर नव्हता, तबला शिकलेला मी होतो. मला बसवलं.

हात चालले. किक मात्र प्रत्येक मात्रेला एक, यापुढे जाईना. दोन ठोके जवळजवळ हवे असले की पहिला जोरात पडे आणि दुसरा नुसता स्पर्श करून जाई. मी त्यावर तेच केलं, जे नव्वद टक्के मुलं करतात. मांडीचा जोर लावला, स्प्रिंग पिळून घट्ट केली, आणि महिन्याभरात नडगीच्या पुढच्या बाजूला असा ठणका लागला, की जिना उतरताना कळ यायची. मग मी पैसे साठवून एक जुनं डबल पेडल, म्हणजे दोन पायांसाठी जोडपेडल, घेतलं. एका पायाला जमत नाही, तर दोन पायांत वाटून घेऊ, हा विचार. त्यातून एकाच्या जागी दोन कच्चे पाय झाले.

ज्या सरांकडे मी नंतर गेलो, त्यांनी पहिल्या दिवशी मला वाजवायलाच दिलं नाही. त्यांनी माझ्या पेडलची स्प्रिंग काढून बाजूला ठेवली आणि म्हणाले, “आता मार.” मी मारलं. बीटर ड्रमवर जाऊन टेकला आणि तिथेच राहिला. “परत मार.” परत मारायला काही उरलंच नव्हतं. “बघ, मारणं हे तुझं निम्मंच काम आहे. उरलेलं निम्मं स्प्रिंग करते. तू तिला करू देत नाहीस. ती बीटर परत आणतेय आणि तुझा पाय फळीवर बसून राहिलाय.”

जलद किकची सगळी विद्या या वाक्यात आहे असं मी आज इतक्या वर्षांनी म्हणेन. आपण ठोका मारून बीटर चामड्यात दाबून धरतो. सरांचा शब्द ‘गाडून ठेवतो’ असा होता. गाडलेला बीटर आधी उकरून काढावा लागतो, मग मागे न्यावा लागतो, मग दुसरा ठोका. तोच बीटर आदळताक्षणी सोडला, तर चामड्याची उसळी आणि स्प्रिंगची ओढ मिळून त्याला मागे आणतात, आणि तो मागे पोचेपर्यंत पाय पुढच्या ठोक्याला तयार असतो. वेग जोराने येत नाही, सोडण्याने येतो. हे कळायला एक मिनिट लागतं आणि पायात उतरायला वर्ष.

आता थोडं गणित. मिनिटाला १२० मात्रांची लय धरा. प्रत्येक मात्रेत चार ठोके म्हणजे सेकंदाला आठ. प्रत्येक ठोक्याला अख्खा पाय मांडीपासून उचलायचा, तर सेकंदाला आठ वेळा मांडी हलवावी लागेल, आणि ते फार वेळ कोणाचंच शरीर करू शकत नाही. पण पायाच्या एका हालचालीत दोन ठोके काढता आले, तर मांडीला सेकंदाला चारच वेळा हलायचंय. सगळ्या युक्त्या इथून निघतात.

टाच खाली ठेवून नुसत्या घोट्याने वाजवणं ही पहिली पायरी. आवाज कमी, पण ताबा पक्का. १९६४ मध्ये ‘बास ड्रम कंट्रोल’ हे पुस्तक लिहिणारे कॉलिन बेली टाच टेकवूनच थक्क करणाऱ्या वेगाने वाजवायचे. टाच उचलली की मांडीचं वजन मिळतं आणि आवाज भरतो. मग येते घसर: पहिला ठोका चवड्याने फूटबोर्डच्या साधारण मध्यावर मारायचा आणि त्याच झोकात पाऊल इंच-दोन इंच पुढे सरकवत दुसरा. आणि शेवटी टाच-चवडा. पाऊल फळीच्या वर अधांतरी धरायचं. आधी पावलाचा मागचा भाग खाली पडू द्यायचा, त्याने एक ठोका. लगेच टाच वर उचलली जाताना चवडा दाबला जातो, त्याने दुसरा. पाय एकदाच झुलला, बीटर दोनदा पडला.

सरांनी हे करून दाखवलं तेव्हा मी एकदम म्हणालो, “सर, हे तर धिरधिर आहे!” तबल्यावर धिरधिर वाजवताना एकेक बोट उचलत नाहीत. अख्खा पंजा शाईवर डोलतो. त्याची एक कड पडली की एक बोल, दुसरी कड पडली की दुसरा. मनगटाच्या एका झोक्यात दोन अक्षरं. म्हणून तर चौपटीतही धिरधिर दमत नाही. माझ्या हाताला हे दहा वर्षांपासून येत होतं. पायालाही तेच करायचंय, हे मात्र कोणी सांगितलं नव्हतं.

आणि पाय म्हटलं, तर या शहरात पायाची केवढी मोठी विद्या आहे. रोहिणी भाटे यांनी १९४७ साली पुण्यात ‘नृत्यभारती’ ही कथकची संस्था सुरू केली, आणि तेव्हापासून या शहरातल्या किती मुलींनी तत्कार, म्हणजे कथकचं पायांचं काम, घटवला असेल याची गणती नाही. कथकच्या वर्गात पहिले कित्येक महिने ता थेई थेई तत, आधी ठाय म्हणजे संथ, मग दुप्पट लयीची दुगुण, मग चौगुण. तळवा सपाट पडला पाहिजे, टाचेचा आघात वेगळा ऐकू आला पाहिजे, आणि लय वाढली म्हणून वजन कमी होता कामा नये. शेजारच्या खोलीत ड्रमचा मुलगा त्याच वेळी पायाच्या त्याच प्रश्नाशी झगडत असतो, आणि दोघांची गाठ पडत नाही. मला याची खरोखर हळहळ वाटते.

रियाज कसा करायचा, हे लोक विचारतात. सरांनी मला दिलेला असा होता. पहिले पंधरा दिवस पेडल नाहीच. अनवाणी पाऊल फरशीवर, टाच-चवडा, टाच-चवडा, मेट्रोनोम साठवर. बैठक अशी, की कंबर गुडघ्यापेक्षा थोडी वर राहील, मांडी पुढच्या बाजूला किंचित उतरती. मग पेडलवर दोन-दोन ठोके, मध्ये भरपूर मोकळी जागा. दोन्ही सारखे ऐकू येईपर्यंत लय एका आकड्यानेही वाढवायची नाही. मग तिस्र. मग सांबाचा पाय, म्हणजे एक लांब ठोका आणि त्याला चिकटून पुढचा. एका वेळी एकच मिनिट, मग पाय झटकून सोडायचा. नडगी दुखली की त्या दिवशी थांबायचं. दुखणं म्हणजे मेहनत नव्हे, चुकीच्या जागी लावलेला जोर आहे.

सगळ्यात उपयोगी ठरला तो मोबाइल. तो बास ड्रमपाशी ठेवून ध्वनिमुद्रण करायचं आणि दुसऱ्या दिवशी ऐकायचं. वाजवताना दोन ठोके सारखेच वाटतात. ऐकताना दुसरा पोकळ असतो. मला तो भरीव ऐकू यायला सात महिने लागले. ज्या संध्याकाळी तो आला, त्या संध्याकाळी मी तेच दोन ठोके अर्धा तास वाजवत बसलो होतो, आणि खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या त्या रागवायला नाही, तर “आज वेगळं काय वाजवतोयस?” असं विचारायला.

पेडलच्या जुळणीबद्दलही दोन शब्द. स्प्रिंग फार घट्ट केली तर बीटर चटकन परततो, पण प्रत्येक ठोक्याला पाय तिच्याशी कुस्ती खेळतो. फार सैल ठेवली तर बीटर पायाच्या मागून रेंगाळत येतो. मधली जागा प्रत्येकाची वेगळी. ती शोधायला स्प्रिंगची चावी रोज थोडी थोडी फिरवावी लागते. जुनं पेडल विकत घेताना ते ड्रमपासून सोडवून घ्या, बीटर मागे ओढून सोडा आणि तो किती वेळ झुलतो ते पाहा. जो बराच वेळ शांतपणे झुलत राहतो, त्याचे बेअरिंग चांगले. नाव, रंग, चेन एक आहे की दोन, हे सगळं नंतर. आणि त्याच्याखाली जाड गालिचा टाका, नाहीतर प्रत्येक ठोक्याबरोबर ड्रम हातभर पुढे सरकेल.

पाय तयार करायचाय, पण पैसे हाताशी नाहीत, असं म्हणणाऱ्या मुलांना माझं सांगणं एवढंच आहे: डबल पेडलसाठी साठवताय ते पैसे एक वर्ष तसेच राहू द्या. त्या एका वर्षात एका पायाला दुगुण येते. आणि घराजवळच्या कथकच्या वर्गात बाईंची परवानगी घेऊन एकदा मागे भिंतीला टेकून बसा. डोळे मिटा, आणि तत्काराची दुगुण सुरू झाली की फक्त टाचा ऐका.