समजून घ्या : कबड्डीत साखळी तुटल्यावर काय? संघ हंगामाआधीच त्याची तयारी का करतात?

ऑगस्टमध्ये कृष्णा-पंचगंगेचं पाणी चढलं की नृसिंहवाडीच्या दत्त मंदिरात दक्षिणद्वार सोहळ्यासाठी भाविकांची गर्दी होते. त्याच दिवसांत शिरोळ तालुक्यातली मातीची मैदानं भिजलेली असतात. उघड्यावर कबड्डीच्या स्पर्धा घेणं कठीण असतं. पण प्रशिक्षकासाठी हेच दिवस महत्त्वाचे असतात. कोण कुठे उभा राहणार, हे ठरवायची आणि चुकायचीही मुभा याच काळात असते.

सात जण उभे कसे राहतात?

दोन टोकांना डावा आणि उजवा कोपरा. त्यांच्या शेजारी 'इन', मग दोन कव्हर आणि मधोमध सेंटर. बहुतेक संघांत दोन कोपरे आणि दोन कव्हर हे खरे बचावपटू असतात. उरलेल्या तीन जागांवर चढाईपटू उभे राहतात. कोपऱ्यातला खेळाडू घोटा किंवा मांडी पकडतो. कव्हरचं काम ब्लॉक करण्याचं किंवा धडक देऊन चढाईपटूला बाहेर काढण्याचं. शेजारी-शेजारी हात धरून उभे राहतात, म्हणजे एकाने झेप घेतली की दुसऱ्याला लगेच कळतं. हीच साखळी.

मग प्रयोग कशाचा?

सात जणांची साखळी सामन्यात फार वेळ टिकत नाही. एक-एक गडी बाद होतो. बाद झालेले खेळाडू ज्या क्रमाने बाहेर गेले, त्याच क्रमाने परत येतात. म्हणजे मैदानात कोण उरणार, हे प्रशिक्षकाच्या हातात नसतं.

आता साधा हिशेब बघा. सात जणांतून तीन जण उरले, तर ते त्रिकूट ३५ प्रकारे तयार होऊ शकतं. कधी दोन्ही कोपरे आणि एक कव्हर उरेल. कधी तिघेही चढाईपटूच असतील! अशा वेळी ज्याने कधी घोटा धरलेला नाही, त्याला कोपऱ्यात उभं राहावं लागतं. हा पहिला प्रयत्न भर सामन्यात झाला तर गुण जातोच. शिवाय एकमेकांची सवय नसलेले दोघे एकाच वेळी झेपावले, तर डोकं किंवा गुडघा आपटण्याचाही धोका असतो.

तिघांवर एवढा भर का?

कारण इथे नियम बदलतात. सहा किंवा सात बचावपटू असतील तरच चढाईपटूला बोनस मिळतो. तीन किंवा त्याहून कमी उरले आणि तरीही पकड झाली, तर ती अव्वल पकड ठरते आणि एकाऐवजी दोन गुण मिळतात. उलट तिघेही बाद झाले, तर लोण चढतो आणि प्रतिस्पर्ध्याला दोन जादा गुण मिळतात. एकाच चढाईत सामना फिरू शकतो.

म्हणून सरावात मुद्दाम तिघांनाच उतरवलं जातं. डाव्या कोपऱ्याला उजवीकडे नेऊन बघतात. तिथे पाऊल, खांदा, झेपेची दिशा असं सगळं उलटं होतं. सातजण असताना नजर बोनस रेषेवर असते. तिघे असताना ती काळजी नसते, पण मोकळी जागा खूप असते. त्यामुळे किती मागे उभं राहायचं, हेही नव्याने शिकावं लागतं.

एक गडी बदलला तर?

पुणेरी पलटणचं उदाहरण बघू. १७ डिसेंबर २०२२ रोजी मुंबईत झालेल्या प्रो कबड्डीच्या अंतिम सामन्यात हा संघ जयपूर पिंक पँथर्सकडून २९-३३ असा हरला. तेव्हा डाव्या कोपऱ्यात इराणचा फझल अत्राचली होता. पुढच्या हंगामासाठी त्याच्या जागी इराणचाच मोहम्मदरेझा शादलुई आला, २ कोटी ३५ लाख रुपयांना. कोपरा बदलला, पण कव्हरमध्ये संकेत सावंत आणि अबिनेश नादराजन कायम राहिले. १ मार्च २०२४ रोजी पुण्याने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून पहिलं विजेतेपद मिळवलं. श्रेय एकट्या कोपऱ्याचं नव्हतं. पण जुन्या साखळीत नवी कडी बसवता येते, हे त्यातून दिसलं.

इतर खेळांत असं होतं का?

अमेरिकन फुटबॉलमध्ये तर त्यासाठी वेगळे सामनेच असतात. एनएफएलचे संघ हंगामाआधी साधारण तीन सामने खेळतात. त्यांचा निकाल गुणतक्त्यात धरला जात नाही. पुढच्या फळीत तीन जण ठेवायचे की चार, कोणाला आत आणि कोणाला कडेला उभं करायचं, हे तिथे तपासून बघतात. नवख्या खेळाडूंची संघातली जागाही याच सामन्यांवर ठरू शकते.

गावच्या मंडळाकडे असे सामने नसतात. त्यांच्याकडे सरावच असतो. त्यामुळे पुढच्या वेळी कबड्डी बघताना सुरुवातीच्या सातजणांपेक्षा शेवटच्या तिघांकडे लक्ष द्या. संघाने पावसाळ्यात किती घाम गाळला, ते तिथे कळतं.